नावातला काना आणि कोडमधला बग

(वालावल, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग इथल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी माझ्या सत्राला 'तंत्रज्ञान आणि तरुण पिढी' असं नाव दिलंय. ते फार मोठं आहे. मी त्यातलं एक छोटं काम घेऊन आलेय. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ओपन सोर्समध्ये, ज्या चुका राहिलेल्या असतात त्या शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि जुना कोड झाडूनपुसून ठेवायचा. नवं ॲप काढायचं नाही, कंपनी काढायची नाही. ऐकायला कंटाळवाणं वाटेल. मला मात्र वाटतं की आपल्यासारख्यांनी सगळ्यात आधी याच कामात हात घालायला हवा. का, ते सांगते.

इथे सगळे इंजिनियर नाहीत हे मला ठाऊक आहे. कुणी डी.एड. करतंय, कुणी आयटीआयला आहे, कुणी वडिलांबरोबर धंद्यावर. तरी थांबा, कारण या कामाचा निम्मा भाग कोड न लिहिता करता येतो.

ओपन सोर्स म्हणजे काय, एवढं आधी एका वाक्यात. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुन्हा वाटता येतो, ते ओपन सोर्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा पाया असाच आहे, फायरफॉक्स असंच आहे, वेबसाइट चालवणारे बहुतेक सर्व्हर असेच आहेत. ते फुकट मिळतं म्हणून आपण वापरतो. सांभाळतं कोण, हे आपण विचारत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांचं घर कौलारू असेल, नाहीतर आजोळ तरी. मे महिन्यात शाकारणी होते. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा-वासे ठोकून बघायचे, वाळवी लागलीय का पाहायचं, केरकचरा झाडून पुन्हा कौलं बसवायची. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. नवं घर बांधलं की जेवण घालतात, शाकारणीचं जेवण मी तरी कधी जेवले नाही. आणि ती राहिली तर जुलैत पलंगाशेजारी बादली ठेवून झोपायचं. सॉफ्टवेअरचं तंतोतंत असंच आहे, फक्त तिथली गळती एका घरापुरती राहत नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' नावाचा बग उघड झाला. ओपनएसएसएल नावाची एक लायब्ररी आहे. बँकेची साइट उघडल्यावर जे कुलूप दिसतं, त्यामागचं बरंचसं काम जगभर ती करते. तिच्यात एक छोटी तपासणी करायची राहून गेली होती. समोरच्यानं "मी इतकी अक्षरं पाठवली" असं खोटं सांगितलं तर सर्व्हर तितकी अक्षरं स्वतःच्या स्मृतीतून परत द्यायचा. त्यात कुणाचा पासवर्ड निघेल, कुणाची किल्ली, याचा नेम नव्हता. दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग चौकशी झाली तेव्हा कळलं की अर्ध्या जगाचं कुलूप सांभाळणाऱ्या या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर यायच्या. हातात पुरेशी माणसं नव्हती, एवढीच त्याची गोष्ट. आळस वगैरे काही नव्हता.

ते झालं जगाचं कुलूप. आता आपल्या अक्षरांकडे येऊ.

माझी आतेबहीण सुमय्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होती. मराठी नावाच्या रकान्यात तिनं 'सुमय्या' टाइप केलं, तर लाल अक्षरांत उत्तर आलं: नावात अवैध चिन्हे आहेत. दोनदा टाइप केलं, तिसऱ्यांदा आत्यानं टाइप केलं. शेवटी तिनं इंग्रजीत भरलं. यंत्रानं ते परत मराठीत फिरवून यादीत छापलं 'सुमैया'. पडताळणीच्या वेळी मार्कशीटवर वेगळं, यादीत वेगळं. कुडाळला तीन खेपा, एक प्रतिज्ञापत्र. कुठलं कार्यालय, ते महत्त्वाचं नाही. तो कोड बंद होता, उघडून बघायची सोय नव्हती. पण असा बग कसा जन्मतो, ते खुल्या कोडमध्ये स्वच्छ बघता येतं. तेच आपण बघू.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तुमच्यातले बरेच जण शिकताय. तीत "इथे अक्षर असेल तरच घे" असं सांगायची एक आखूड खूण आहे: बॅकस्लॅश आणि त्यापुढे छोटा डब्ल्यू. फॉर्ममधलं नाव तपासायला जगभरचे प्रोग्रॅमर ती वापरतात. इंग्रजी नावाला ती उत्तम चालते. आता युनिकोडच्या हिशेबात आपला क, ख, ग हे 'अक्षर' आहेत, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण ही अक्षरं नव्हेत, 'चिन्हं' आहेत. पायथनच्या मूळच्या लायब्ररीत ती खूण या चिन्हांना अक्षर मानत नाही. तिला 'फातिमा' दिलंत तर ती तीन तुकडे परत देते: फ, त, म. 'हुसेन' दिलंत तर ह, स, न. 'अहमद' तेवढा सुखरूप सुटतो, कारण त्यात काना-मात्रा काहीच नाही. (हशा) हसू नका, असगरचंही नाव वाचतं. बाकी सगळ्यांचे हातपाय तुटतात. त्यात धर्माचा काही संबंध नाही बरं का, 'दत्ताराम' आणि 'मोनिका'सुद्धा तितकेच जायबंदी होतात. आज रात्री लॅपटॉपवर स्वतः करून बघा, दोन ओळींचं काम आहे.

ही तक्रार पायथनच्या बगांच्या नोंदींत २०११ साली दाखल झाली. अनेक वर्षं ती उघडीच राहिली. दुसऱ्या एका माणसानं वेगळी लायब्ररी लिहून त्यात हे बरोबर केलं, ज्याला माहीत आहे तो ती वापरतो. मूळ जागी बदल का होत नाही? कारण ती खूण लाखो प्रोग्रॅम वापरतात. आज तिचा अर्थ बदलला तर कुठे काय मोडेल, सांगता येत नाही. बग दुरुस्त करणं म्हणजे चुकीची ओळ खोडून बरोबर ओळ लिहिणं, अशी आपली समजूत असते. खरं काम त्या ओळीवर कोण कोण टेकून उभं आहे ते शोधण्याचं असतं.

दुसरा बग, हा खास मराठीचा. तुम्ही वेबसाइटवर 'शेतकर्यांना मदत' असं वाचलं असेल. य वर रफार. डोळ्याला खुपतं, पण कुणाला तरी शुद्धलेखन येत नाही असं म्हणून आपण पुढे जातो. बहुतेक वेळा लिहिणाऱ्यानं बरोबरच लिहिलेलं असतं.

'शेतकऱ्यांना' मधला तो आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार: खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढे य. दुसरा प्रकार: साधा र, पाय मोडायची खूण, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका कीबोर्डवरून लिहिलेली यादी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली तर 'काही सापडले नाही' असं येतं. ती यादी रेशनची असू दे नाहीतर पीकविम्याची.

आणि ते अदृश्य जोडचिन्ह? ते साफसफाईत मारलं जातं. कुठला तरी नीटनेटका प्रोग्रॅमर विचार करतो, मजकुरात न दिसणारी चिन्हं कशाला हवीत, कचरा आहे, काढून टाका. तो एक ओळीचं फंक्शन लिहितो. त्याच्या चाचण्या इंग्रजीत असतात, सगळ्या पास होतात. इकडे आपला शेतकरी रफार घेऊन फिरतो. एकट्यादुकट्यानंच असं केलंय असंही नाही. देशी लिप्यांत वेबसाइटचं नाव घेण्याचे जे पहिले आंतरराष्ट्रीय नियम २००३ साली आले, त्यांत हे चिन्ह सरळ गाळून टाकलं जायचं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमांत ते योग्य जागी असेल तर ठेवायला परवानगी मिळाली.

'ॲ'ची गोष्टही तशीच. 'ॲड.', 'ॲप' मधला हा ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे, कुणी हिंदीतला ऍ वापरायचे. तिन्ही प्रकार आजही फिरतात. उर्दू लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. उर्दूचा 'ये' आणि अरबीचा 'ये' शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, पण संकेत वेगळे, म्हणून अरबी कीबोर्डवरून लिहिलेलं नाव उर्दू कीबोर्डवरून सापडत नाही. आपण दोन्ही लिप्या वाचणारी माणसं आहोत. दोन्हीकडचा दाह एकच आहे हे ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही, हे साधं भाग्य नाही.

नावांचा प्रश्न यापुढेही आहे. 'महंमद', 'मोहम्मद', 'मुहम्मद', 'मो.' अशी एकाच बापाची नावं चार कागदांवर, हे आपल्यातल्या कुणाच्या घरी नाही? याद्या जुळवणारं सॉफ्टवेअर अशा वेळी उच्चारावरून नाव जुळवायचा प्रयत्न करतं. त्यातली सगळ्यात जुनी आणि अजून सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे साउंडेक्स. अमेरिकेत १९१८ साली तिचं पेटंट घेतलं गेलं, इंग्रजी वळणाच्या आडनावांसाठी. मायएसक्यूएल आणि पीएचपीमध्ये ती तयारच मिळते. नियम सोपा: पहिलं अक्षर तसंच ठेवा, स्वर गाळा, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्या. आता 'काझी' घ्या. के-ए-झेड-आय लिहिलं तर संकेत येतो के२००. के-ए-जे-आय लिहिलं तरी के२००, म्हणजे जुळलं, छान. पण क्यू-ए-झेड-आय लिहिलं की क्यू२००. बापाच्या कागदावर के आणि मुलाच्या कागदावर क्यू असेल तर या यंत्राच्या मते दोघे एकमेकांचे कुणी लागत नाहीत. झुबेरचं तेच, झेडनं लिहिला की वेगळा, जेनं लिहिला की वेगळा.

पद्धत लिहिणाऱ्यानं काही वाईट केलं नाही. त्याच्यासमोर काझी आणि झुबेर नव्हतेच. आणि ती शंभर वर्षांनी भारतातल्या यादीला लावणाऱ्यासमोरही ते नसतील, जर त्या प्रकल्पाच्या चाचण्यांमध्ये आपली नावं कुणी घातलीच नाहीत तर. तुमचं नाव कोडमध्ये कुठे असतं, तर चाचणीच्या फायलीत. तिथे 'क्यू-ए-झेड-आय आणि के-ए-झेड-आय जुळले पाहिजेत' अशी एक ओळ असेल, तर पुढे कुणीही काही बदललं आणि ते जुळेनासं झालं की लाल दिवा लागतो. ती ओळ नसेल तर कुणाला कळतही नाही.

आता जिथे हे काम नीट झालं, तिथलं सांगते.

हार्फबझ नावाचा एक प्रकल्प आहे. नाव नीट ऐका: 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाझ' म्हणजे उघडा. फारसी शब्द आहे, ओपनटाइप या फॉन्टच्या तंत्राचं ते भाषांतर. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरनं ते नाव दिलं आणि कित्येक वर्षं तो प्रकल्प सांभाळला. संगणकाला क, पाय मोडायची खूण आणि ष असे तीन तुकडे मिळाले की पडद्यावर 'क्ष' काढायचा, वेलांटी आधी काढायची, रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा, हे सगळं ठरवणारं हे इंजिन आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडे तेच. तुमच्या फोनवर मराठी मजकूर आणि त्याच्या शेजारचा उर्दू मजकूर, दोन्ही तोच काढतो.

२०१२ च्या सुमारास त्यातला भारतीय लिप्यांचा भाग नव्यानं लिहिला गेला. बरोबर झालाय हे ठरवणार कसं? देवनागरी वाचता येणारा माणूस प्रत्येक वेळी शेजारी बसवणं शक्य नव्हतं. तेव्हा विकिपीडियातून देवनागरीतले ७ लाखांहून अधिक शब्द काढले. प्रत्येक शब्द विंडोजचं इंजिन कसा काढतं आणि आपलं कसा काढतं, याची तुलना यंत्रानंच करायची. मग प्रत्येक दुरुस्तीनंतर आकडा लिहायचा: इतक्यांपैकी इतके चुकले. आकडा कमी होत होत शंभराच्या आत आला. मला यातली शिस्त फार आवडते. 'सुधारणा केली' असं नुसतं म्हणायचं नाही, मोजून दाखवायचं.

पुण्यातलंही उदाहरण आहे. 'लोहित' हे फॉन्ट रेड हॅट कंपनीनं खुले केले. लोहित म्हणजे लाल, त्यावरून नाव. त्यांच्या पुण्यातल्या मंडळींनी ते पुढे सांभाळले. २०१३ मध्ये त्यांनी नवा फॉन्ट काढण्याऐवजी होता तोच आतून साफ करायला घेतला. जोडाक्षरांचे नियम वर्षानुवर्षं एकावर एक चढत गेले होते. ते नव्यानं, नीट क्रमानं लिहिले आणि साध्या मजकुराच्या फायलीत आणले. म्हणजे कुणीही ती फाईल उघडावी, 'त्र'चा नियम कुठे आहे ते वाचावं आणि चूक असेल तर एका ओळीची दुरुस्ती पाठवावी. वरून बघणाऱ्याला फॉन्ट आधीसारखाच दिसला. मी याला मोठं काम मानते.

जाता जाता एक: मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. पुष्कळ चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. पान कुठल्या भाषेचं आहे, हे कोडमध्ये लिहिलेलं असेल तर ब्राउझर योग्य तो उचलतो. कित्येक मराठी साइटवर तिथे 'इंग्रजी' असंच राहिलेलं असतं. ते बदलायला दोन अक्षरं लागतात. पहिली दुरुस्ती म्हणून याहून सोपं काम मला माहीत नाही.

आता सावधगिरीचं. साफसफाईचा उत्साह येतो तेव्हा तो भयंकर असतो, आणि याचं सगळ्यात महागडं उदाहरण तुम्हाला माहीत असायलाच हवं.

डेबियन ही लिनक्सची एक मोठी आवृत्ती. २००६ मध्ये तिच्या एका मेन्टेनरला, म्हणजे सांभाळकर्त्याला, ओपनएसएसएलच्या कोडमध्ये एक तपासनीस प्रोग्रॅम सारखा इशारा देत होता: इथे तुम्ही काहीही न भरलेली स्मृती वाचताय. इशारा बंद व्हावा म्हणून त्यानं दोन ओळी काढल्या. मूळ प्रकल्पातल्या लोकांना त्यानं आधी विचारलंही होतं. त्यातली एक ओळ खरोखरच निरुपयोगी म्हणावी अशी होती. दुसरी दिसायला अगदी तिच्यासारखी, पण किल्ली बनवताना यादृच्छिकता मिसळण्याचं सगळं काम तीच करायची. ती गेल्यावर किल्ली ठरवायला एकच गोष्ट उरली, चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. तो असतो ३२,७६८ पर्यंत. म्हणजे जगातल्या हजारो सर्व्हरच्या किल्ल्या एवढ्याशा जुडग्यातून निघू लागल्या. कुणीही बसून सगळ्या करून बघाव्यात. २००८ च्या मे महिन्यात ते उघडकीला आलं, तोवर जवळजवळ वीस महिने गेले होते.

दोन ओळी. नवं काही लिहिलं नव्हतं, फक्त काढलं होतं.

शाकारणी करणारा जुना माणूस एखादा वेडावाकडा ठोकलेला वासा दिसला तर लगेच उपटत नाही. तो आधी वर चढून बघतो की त्यावर काय टेकलंय. कोडमध्ये हे बघायची सोय चांगली आहे. प्रत्येक ओळ कुणी, कधी आणि कुठल्या कारणानं लिहिली, याचा इतिहास गिट नावाचं साधन दाखवतं. ओळ काढण्याआधी तो इतिहास वाचा. कारण सापडलं नाही तर विचारा. उत्तर मिळालं तरी चाचणी लिहा. आणि साफसफाई व दुरुस्ती एकाच पॅचमध्ये, म्हणजे पाठवायच्या बदलात, कधी मिसळू नका. तुम्ही एका ओळीचा बग दुरुस्त केलात आणि जाता जाता चारशे ओळींची मोकळी जागा सारखी केलीत, तर तपासणाऱ्याला ती एक ओळ सापडणार कशी?

तुमच्यातले जे कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी लिबरऑफिसची हकिगत. वर्ड-एक्सेलच्या जागी वापरतात ते. त्याचं मूळ स्टारऑफिस, जर्मनीतल्या एका कंपनीचं. १९९९ मध्ये ते सन कंपनीनं विकत घेतलं, पुढच्या वर्षी कोड खुला केला, आणि २०१० मध्ये स्वयंसेवकांनी वेगळं होऊन लिबरऑफिस सुरू केलं. कोड हातात आला तर काय, आतल्या टिपणांचा मोठा भाग जर्मन भाषेत. 'ही ओळ का लिहिली' ते जर्मन येणाऱ्यालाच कळणार. मग त्यांनी नवशिक्यांसाठी सोप्या कामांची यादी केली, तीत एक काम होतं जर्मन टिपणांचं इंग्रजी करायचं. वर्षानुवर्षं जगभरची माणसं थोडी थोडी टिपणं उलथत राहिली. दुसरं काम होतं कुणीच वापरत नसलेली फंक्शन शोधून काढून टाकायची. पुष्कळ जण असल्या कामांतून आत आले आणि नंतर मोठी कामं करू लागले. दोन भाषा येणं हे तिथे भांडवल होतं. आपल्या घरात तर तीन-चार बोलल्या जातात. मालवणी धरली तर पाच.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. दर ऑक्टोबरला ओपन सोर्समध्ये हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणारा एक उपक्रम असायचा, हॅक्टोबरफेस्ट. २०२० मध्ये काय झालं, तर हजारोंनी फाईलमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे दोन शब्द घालून दुरुस्त्या पाठवल्या. मोजणीत चार भरल्या की टी-शर्ट. त्यातले पुष्कळ आपल्या देशातले होते. फुकट काम करणारे मेन्टेनर रात्ररात्र तो कचरा उपसत बसले. शेवटी ऐन महिन्यात नियम बदलावा लागला, जो प्रकल्प स्वतःहून नाव देईल तोच मोजणीत धरायचा. मुलाखतीत दाखवायला हिरवे चौकोन हवेत म्हणून तुम्ही हे काम करणार असाल तर कृपा करून करू नका. दुसऱ्याच्या अंगणात गाळ टाकून येण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

मग सुरुवात कुठून? बग नोंदवण्यापासून. चांगली बगनोंद हे स्वतंत्र कसब आहे, आणि त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही. 'मराठी चालत नाही' ही नोंद नव्हे, ते गाऱ्हाणं झालं. नोंद अशी असते: अमुक आवृत्ती, अमुक फोन. मी 'सुमय्या' असं लिहिलं. मला 'सुमय्या' दिसायला हवं होतं. दिसलं हे, सोबत चित्र. नुसतं 'सुम' लिहिलं तरी होतं, 'कमर' लिहिलं तर होत नाही, म्हणजे उकारावर अडतंय. शेवटचं वाक्य सोन्याचं असतं. मेन्टेनर ब्राझीलमध्ये बसलेला असेल, त्यानं जन्मात उकार पाहिलेला नसेल. बग कुठे आहे ते तुम्ही त्याला बोटानं दाखवलंत. तो पाच मिनिटांत दुरुस्त करेल. आणि दोन महिने उत्तर आलं नाही तर चिडू नका. पुन्हा एकदा नम्रपणे विचारा, तोही बहुधा नोकरी सांभाळून रात्री हे करतोय.

प्रश्नांना वेळ ठेवायचा आहे म्हणून उद्याचं सांगून थांबते. उद्या सकाळी दहाला आपण याच हॉलमध्ये बसणार आहोत. नेटवर्क नदीच्या बाजूच्या खिडकीशी येतं, तिथे चार लॅपटॉप मांडू. येताना प्रत्येकानं घरच्या, शेजारच्या, ओळखीच्या वीस नावांची यादी आणायची, फक्त नावं, पत्ता किंवा नंबर नको. प्रत्येक नाव माणसं स्वतः मराठीत जसं लिहितात तसं, उर्दूत लिहीत असतील तर तसं, आणि इंग्रजीत ज्या ज्या प्रकारे कागदांवर आलंय ते सगळे प्रकार. आजीचं नाव विसरू नका, जुनी नावं सगळ्यात जास्त अडतात. त्यातून आपण चाचणीची एक फाईल करू. मी दोन प्रकल्प निवडून ठेवलेत, दोघांच्याही मेन्टेनरना आधी विचारलंय आणि त्यांनी पाठवा म्हटलंय. पहिली ओळ सुमय्याची घालू. दुसरी कुणाची, ते तुम्ही ठरवा.